डोंबिवलीची सतरा अंकी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१.

नऊ एक ओळीने लिहायचे, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणायचं. उत्तर वर दिलं आहे. गणिताच्या गमतीजमतींच्या पुस्तकांत ही संख्या हटकून भेटते. १ चा वर्ग १, ११ चा १२१, १११ चा १२३२१ असा त्रिकोण छापलेला असतो, सगळ्यात खालच्या ओळीत ही असते आणि मग पान उलटतं. मला त्या पान उलटण्याचं कायम वाईट वाटत आलं आहे. खरं बघण्यासारखं सगळं त्या शेवटच्या ओळीच्या आत आहे.

मी डोंबिवलीत राहते. गणित घेऊन बी.एस्सी. केलं, नोकरी बँकेत लागली. दिवसभर आकडे असतात, पण ते कुणाच्या तरी पैशांचे. संख्येकडे निव्वळ संख्या म्हणून बघायचं ते लोकलमध्ये, चौकटीच्या वहीत. या संख्येला वहीच लागते. माझ्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर बारा आकडी आहे, तिथे ती मावत नाही. एक्सेलमध्ये टाइप केली तर शेवटचे दोन अंक पुसले जाऊन १२३४५६७८९८७६५४३०० उरतात, कारण एक्सेल पंधराच अंक सांभाळतं. म्हणून पुढचं सगळं हाताने केलेलं आहे आणि वाचणाऱ्यानेही हाताने करून बघावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. कुठेही बेरीज-वजाबाकी-गुणाकाराच्या पलीकडचं काही लागत नाही.

आधी नाव. या कुळातल्या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. गणितातलं पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही. जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर जे डेम्लो स्टेशन होतं, तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्टेशनचं नाव संख्यांना. तेच आजचं डोंबिवली. मी रोज ज्या फलाटावर उभी राहते त्याच्या नावाने जगभरातले संख्याप्रेमी एका संख्याकुळाला ओळखतात, ही गोष्ट डोंबिवलीकरांना फारशी माहीत नाही. मला ती स्टेशनवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली बघायला आवडेल.

डेम्लो संख्या ओळखायची कशी? तिचे तीन भाग पडतात. डावा आणि उजवा भाग मिळवला की मधला अंक पुन्हा पुन्हा आला पाहिजे. १६५ घ्या: १ आणि ५ मिळून ६. २५५३ घ्या: २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये ५५. आता आपली संख्या. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. एकही हातचा नाही. डेम्लो संख्यांमध्येही १, १२१, १२३२१ या ओळीला कापरेकर ‘अद्भुत’ म्हणत, आणि त्या ओळीतली ही नववी.

ही ओळ त्यांच्याही आधी आपल्याकडे कुणाच्या तरी डोळ्यांत भरली होती. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात असे गुणाकार आहेत की उत्तर माळेसारखं दोन्ही बाजूंनी सारखं वाचता यावं. त्यातलाच एक: २७९९४६८१ गुणिले ४४१ बरोबर १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी, असं त्या संख्येचं वर्णन तिथे आहे. म्हणजे सहा एकांचा वर्ग. आणि १२३४५६७९ गुणिले ९ बरोबर १११११११११ हाही गुणाकार त्याच ग्रंथात आहे, जो आपल्या नवव्या संख्येचं दारच उघडतो.

कारण १११११११११ म्हणजे ९ × १२३४५६७९, आणि १२३४५६७९ (यात ८ नाही, नीट बघा) म्हणजे ३७ × ३३३६६७. तेव्हा मूळ अवयवांत आपली संख्या अशी उभी राहते: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. एवढंच. सतरा अंकी संख्या आणि मूळ अवयव फक्त तीन.

३३३६६७ मूळ आहे हे कशावरून? वर्गमूळ ५७७ च्या जरा वर, म्हणजे तिथपर्यंतच्या शंभराहून जास्त मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. पण एक वाट आहे. ३३३६६७ हा १००१००१ चा तिसरा हिस्सा आहे, आणि १००१००१ ही १००० च्या घनातून १ वजा केलेल्या संख्येचा अवयव. त्यामुळे ३३३६६७ ला भागणाऱ्या कुठल्याही मूळ संख्येला १८ ने भागल्यावर बाकी १ च राहावी लागते. मग तपासायला उरतात १९, ३७, ७३, १०९, १२७ अशा ५७७ पर्यंतच्या सतराच. एकीनेही भाग जात नाही. अंबरनाथ-ठाणे प्रवासात होण्यासारखं काम आहे.

३३३६६७ हिचं आणखी एक वेगळेपण. १ ला हिने भागलं की दशांशात ०००००२९९७ हे नऊ अंक पुन्हा पुन्हा येत राहतात, आणि नऊ अंकांचं आवर्तन देणारी मूळ संख्या हिच्याखेरीज दुसरी कुठलीही नाही. ना लहान, ना मोठी.

आता वर्गवारी सुरू होते. घातांक ४, २, २. प्रत्येकात एक मिळवून गुणलं की विभाजकांची संख्या: ५ × ३ × ३ = ४५. वर्गसंख्येचे विभाजक नेहमी विषम संख्येनेच असतात, तसं हे. आणि हे पंचेचाळीसही विभाजक स्वतः विषम, म्हणून त्यांची बेरीज विषम. परिपूर्ण संख्येसाठी ती बेरीज संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम, भरायला हवी. तेव्हा आकडेमोड न करताच कळतं की ही परिपूर्ण असूच शकत नाही. आकडेमोड केलीच तर स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून जराशी जास्त भरते, म्हणजे ती ‘न्यून’ गटात जाते. इथे फार थांबावंसं मला वाटत नाही. बहुतेक विषम संख्या न्यूनच असतात.

३७ पाशी मात्र थांबायला हवं. ३७ चा वर्ग हा ३५ आणि १२ यांच्या वर्गांची बेरीज आहे: १२२५ आणि १४४ मिळून १३६९. आपल्या संख्येचं वर्गमूळ ३७ × ३००३००३. मग ३५ आणि १२ लाही ३००३००३ ने गुणा. येतात १०५१०५१०५ आणि ३६०३६०३६. म्हणजे ज्या काटकोन त्रिकोणाच्या बाजू १०५१०५१०५ आणि ३६०३६०३६, त्याचा कर्ण बरोबर १११११११११. हे मी वहीत पहिल्यांदा मांडलं तेव्हा शेजारच्या सीटवरच्या बाईंना दाखवल्याशिवाय राहवलं नाही. त्या कर्जतला उतरणाऱ्या, गणिताशी संबंध नाही, पण त्यांनी तिन्ही संख्या मोठ्याने वाचल्या. वाचूनच बघण्यासारख्या आहेत त्या.

पुन्हा कापरेकरांकडे. त्यांनी आणखी एक गट दिला: हर्षद संख्या. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. आणि वर पाहिलंच की ती ८१ × १२३४५६७९ × १२३४५६७९ आहे. भाग पूर्ण जातो, उत्तर १५२४१५७८९९७१०४१. ही संख्या हर्षद आहे याहून मला जास्त आवडतं ते हे, की अद्भुत ओळीतल्या नऊ जणींपैकी हर्षद फक्त तीन: पहिली, तिसरी आणि नववी. १२१ च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. चौथीची १६, सहावीची ३६, आठवीची ६४, आणि या सगळ्या संख्या विषम, तेव्हा सम संख्येने भाग जायचा प्रश्नच नाही. पाचवीची २५, पण शेवटी १ असल्यावर पाचाने भाग कसा जाणार? सातवीची ४९, आणि सात एकांच्या १११११११ ला सातने भाग जात नाही. तिचे अवयव २३९ आणि ४६४९. उरल्या तीन.

तिसरा धागा. कापरेकर संख्या म्हणजे जिचा वर्ग करून त्याचे दोन तुकडे मिळवले की तीच संख्या परत येते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ बरोबर ४५. आपल्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने, ८१ ने, गुणून बघा. येतात ९९९९९९९९८००००००००१. हा ९९९९९९९९९ चा वर्ग. त्याचे तुकडे ९९९९९९९९८ आणि ००००००००१, म्हणजे १. बेरीज ९९९९९९९९९. डेम्लो संख्या, तिची हर्षद-बेरीज आणि एक कापरेकर संख्या, तिघी एका गुणाकारात.

चौथा धागा ६१७४ चा, ज्यासाठी कापरेकर सर्वांत जास्त ओळखले जातात. चार अंक, सगळे सारखे नसलेले, उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ वर येऊन थांबता. ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४, पुढे हलतच नाही. हे त्यांना १९४६ मध्ये सापडलं, १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी मांडलं. नऊ अंकांसाठी अशी न हलणारी संख्या कोणती? आपल्या संख्येचा चढ वाचा: १२३४५६७८९. उतार वाचा: ९८७६५४३२१. मधला ९ दोघांना सामाईक. उतारातून चढ वजा केला की ८६४१९७५३२. अंक नीट बघा, एक ते नऊ सगळे एकेकदा आहेत. म्हणजे हीच प्रक्रिया पुन्हा केली तरी पुन्हा हीच. नऊ अंकांत अशा दोनच आहेत, दुसरी ५५४९९९४४५.

इथवरचं बरंचसं जाणकारांना ओळखीचं असेल. ज्यासाठी हे लिहायला बसले ते आता.

कापरेकरांच्या कल्पनांत मला सर्वांत खोल वाटते ती स्वयंभू संख्यांची. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या येते. २३ मध्ये ५ मिळवले की २८. २३ ही २८ ची जनक. काही संख्यांना दोन जनक असतात: १०१ ही ९१ पासूनही येते आणि १०० पासूनही. आणि काहींना एकही नसते. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३... या स्वयंभू. यांनाच त्यांच्या गावावरून देवळाली संख्या असंही म्हणतात. साधारण दहा संख्यांत एक अशी निघते.

मग डोंबिवलीच्या संख्येची जनक कोण?

संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोघींना ९ ने भागलं की बाकी सारखीच राहते. आपल्या संख्येला ९ ने पूर्ण भाग जातो. म्हणून जनकाच्या अंकांची बेरीजही ९ च्या पाढ्यातलीच हवी. सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३, तेव्हा ३२१ मधून ती वजा होताना पुढच्या अंकांना धक्का लागत नाही. पहिले चौदा अंक १२३४५६७८९८७६५४ तसेच राहतात. त्यांची बेरीज ७५. शेवटचे तीन अंक फार तर २७ ची भर घालतील. ७५ ते १०२ मध्ये ९ च्या पाढ्यातल्या तीनच: ८१, ९०, ९९. तीन वजाबाक्या करायच्या. ३२१ वजा ८१ बरोबर २४०, अंकांची बेरीज ७५ अधिक ६, म्हणजे ८१. जमलं. ९० घेतले तर २३१, बेरीज पुन्हा ८१, जमत नाही. ९९ घेतले तर २२२, तेच. म्हणजे जनक एकच: १२३४५६७८९८७६५४२४०.

आता या २४० वालीची जनक शोधा. हिच्याही अंकांची बेरीज ८१, ९ ने भाग जातो, पुढचे चौदा अंक तेच, म्हणून पुन्हा ८१, ९०, ९९ हेच तीन पर्याय. ८१ वजा केले तर १५९, बेरीज ९०. नाही. ९० वजा केले तर १५०, बेरीज ८१. नाही. ९९ वजा केले तर १४१, बेरीज ८१. नाही.

हिला जनक नाही. ही स्वयंभू. डोंबिवलीची संख्या थेट एका देवळाली संख्येपासून जन्मलेली आहे.

हे कुणी आधी पाहिलं असेल तर मला त्याचा आनंदच आहे. मी ते कसारा लोकलमध्ये पाहिलं, आणि देवळालीहून निघालेली गाडी कसाऱ्याचा घाट उतरून कल्याणमार्गे याच रुळांवरून येते हे तेव्हा डोक्यात आल्यावाचून राहिलं नाही. योगायोग आहे, मला मान्य आहे. स्टेशनांच्या नावांचा अंकांशी संबंध नाही. पण तीन वजाबाक्यांत जिची सिद्धता होते अशी गोष्ट खरी असते, आणि ती खरी आहे याचा आनंद मला योगायोगाने कमी होत नाही.

कापरेकरांच्या हयातीत त्यांचं काम क्षुल्लक म्हणून हसण्यावारी नेणारे गणिती होते. त्यांच्या पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा जग त्यांना ओळखू लागलं, तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते गेले. मला हसणाऱ्यांचं म्हणणं पटत नाही. स्वयंभू संख्यांबद्दल वर जो नऊच्या बाकीचा युक्तिवाद केला तो सातवीतल्या मुलीला समजतो, आणि तरीही त्याने सतरा अंकी संख्येबद्दल एक निश्चित, कायमचं विधान करता येतं. शाळेत शिकवताना मुलांच्या हातात देता येईल असं इतकं खरं गणित दुसऱ्या कुणी फारसं दिलेलं नाही.

अद्भुत ओळ नवव्या संख्येपाशीच का संपते, हेही सांगते. दहा एकांचा वर्ग करताना मधल्या स्तंभात दहा एक मिळवावे लागतात, तिथे पहिल्यांदा हातचा येतो, आणि उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढावरचा ८ गेला, शिखर मोडलं. सोळाच्या पायावर लिहिणाऱ्यांना ही ओळ पंधरापर्यंत नेता येते. दहाच्या पायावर नऊ ही हद्द.

बाकीच्या आठ जणींच्याही जनक मी शोधल्या. १ आणि १२१ स्वतःच स्वयंभू. चौथीला, १२३४३२१ ला, दोन जनक आहेत: १२३४३०४ आणि १२३४२९५. सातवीची जनक १२३४५६७६५४२६५, आणि तीही स्वयंभू निघाली; तिच्यासाठी ४६, ५५ आणि ६४ हे तीनच पर्याय तपासावे लागतात, करून बघा. आठवीची साखळी मात्र थांबायचं नाव घेत नाही. ३२१ च्या मागे २५३, त्याच्या मागे १८३, मग १२१, मग ०५४, आणि तिथे पहिल्यांदाच पुढच्या अंकातून उसना घेऊन १२३४५६७८७६५३९८० वर जावं लागतं. त्याच्या मागचं काम वहीत चालू आहे.